सहावं कार्ड

पेरुंबावूरला रविवारी सकाळी बसमधून उतरलं की कानावर आधी मल्याळम पडत नाही. बंगाली पडते, असमिया पडते, ओडिया पडते आणि या सगळ्यांना जोडणारी मोडकीतोडकी हिंदी. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातलं हे गाव प्लायवूडचं. रबराच्या झाडांचे ओंडके सोलून पातळ पापुद्रे काढायचे, वाळवायचे, ग्लू लावून तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचे. हे काम करायला मुर्शिदाबादहून, आसामातल्या नगावहून, ओडिशातल्या कंधमाळहून माणसं येतात. आठवडाभर ती कारखान्यात असतात, रविवारी गांधी बाजाराच्या गल्ल्यांत. मोहरीचं तेल, सुकी मासळी, मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलून देणारे, दाढी-कटिंगच्या रांगा.

बाहेरून आलेल्यांना हे गाव किती सामावून घेतं, ते समजून घ्यायचं आमचं काम होतं. आम्ही दोघी होतो. सहकारी कोट्टायमची, मल्याळम तिच्याकडे. हिंदी माझ्याकडे.

असं मोजण्यासाठी मिपेक्स नावाचा एक आंतरराष्ट्रीय निर्देशांक आहे. नोकरी, शिक्षण, आरोग्य, नागरिकत्व अशा आठ बाबतींत देशाचे कायदे आणि धोरणं काय म्हणतात ते बघून तो गुण देतो. २०२० मध्ये भारताला १०० पैकी २४ मिळाले होते. पण आमची माणसं परदेशी नव्हती, याच देशाची नागरिक होती, आणि धोरणात केरळ कमी पडत नाही. तिथे साक्षरता मिशनने परप्रांतीय कामगारांना मल्याळम शिकवायला 'चंगाती' म्हणजे 'मित्र' नावाचा उपक्रम २०१७ मध्ये काढला, तो याच पेरुंबावूरमधून. त्यांच्यासाठी 'आवाज' विमा योजनाही काढली. भाषाही सरकारने जाणीवपूर्वक बदलली. पूर्वी 'अन्य संस्थान तोळिलाळी', म्हणजे परराज्यातले कामगार, असं म्हणत. आता 'अतिथी तोळिलाळी' म्हणतात. पाहुणे कामगार. २०१३ च्या एका अभ्यासात यांची संख्या २५ लाखांच्या घरात धरली होती. इतक्या माणसांना सरकारी कागदावर 'अतिथी' म्हणणारं राज्य मला मनापासून आवडलं होतं, आणि आजही त्या शब्दामागच्या हेतूबद्दल मला आदर आहे.

कागदापलीकडचं मोजायला आम्ही जुनीच पद्धत घेतली होती. इमोरी बोगार्डस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास मांडलेली सामाजिक अंतराची पट्टी. सात पायऱ्या. अमुक समाजाच्या माणसाला तुम्ही कुठवर जवळ येऊ द्याल? आम्ही त्याची सात कार्डं केली होती, मल्याळम आणि हिंदीत. पहिलं, लग्नसंबंध. दुसरं, जिवलग मित्र. तिसरं, शेजारी. चौथं, सोबत काम करणारे. पाचवं, इथले मतदार. सहावं, फक्त पाहुणे. सातवं, येऊच नयेत.

सकाळचं पहिलं घर एका साठीच्या बाईंचं. मागच्या अंगाला पत्र्याच्या आठ खोल्यांची चाळ, त्यात ओडिया मुलं भाड्याने. बाई बोलायला मोकळ्या. त्यांच्या मुलाची सुरुवातीची चार वर्षं शारजात एका खोलीत अकरा जणांबरोबर गेली होती. "मला माहीत आहे घर सोडून राहणं काय असतं," त्या म्हणाल्या आणि कार्डं भराभर बाजूला ठेवत गेल्या. शेजारी? हो. मित्र? हो, का नाही. लग्नाच्या कार्डावर हसून मान हलवली. एवढ्यात एक मुलगा भाडं द्यायला आला. बाईंनी आम्हाला कपातून चहा दिला, त्याला स्टीलच्या पेल्यातून. तो पायरीवर बसून प्यायला, नळावर पेला विसळला, कंपाउंडच्या भिंतीवर पालथा घातला आणि गेला. बाईंचा आमच्याकडचा गुण उत्तम आला. आम्ही फॉर्म बंद केला.

दुपारी एका व्हिनियर कारखान्यामागच्या खोल्यांत मुर्शिदाबादची एक बाई भेटली. तिची मुलगी चौथीत, सरकारी शाळेत. मुलगी इतकं अस्खलित मल्याळम बोलत होती, की माझी सहकारी चकित होऊन तिच्याकडे बघत राहिली. आईला हिंदी बेताचीच, म्हणून मुलगीच दुभाषी झाली. 'हे गाव तुम्हाला आपलं वाटतं का?' या प्रश्नाला तिने आईकडे न बघता उत्तर दिलं, "हो." मी म्हटलं, आईला विचार ना. तिने बंगालीत विचारलं. आई चुलीपाशी काहीतरी लांबलचक बोलली. मुलगी थांबली, मग म्हणाली, "आई पण हो म्हणते." ते लांबलचक काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. फॉर्मवर 'हो' लिहिलं, पण हात जड झाला होता.

चारच्या सुमारास बाजाराच्या कडेच्या गल्लीत एका दुकानाच्या काचेआड शिवाजी महाराजांची तसबीर दिसली आणि मी थबकलीच. आत भट्टीचा कढ, तेजाबाचा नाकात झोंबणारा वास, फळीवर काळवंडलेल्या मुशी. गलाईचं दुकान. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. सोनारांचं मोडीचं सोनं, झाडलोटीची धूळसुद्धा घेऊन त्यातून शुद्ध धातू काढून देणारे. माझं माहेर तासगावचं. मी मराठीत 'नमस्कार काका' म्हटल्यावर त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"कुठलं म्हणायचं? तासगाव? मग आपलंच की! बसा ताई. अगं, पाव्हणं आल्यात, चहा ठेव."

चौतीस वर्षं झाली त्यांना इथे. मुलं आपसात मल्याळमच बोलतात. मतदान मात्र गावाकडे. ग्रामपंचायतीला न चुकता जातात, रेणावीच्या रेवणसिद्धाचं दर्शन घेऊन परत येतात. सून खानापूरचीच आणली, लेक कराडला दिली. मी कार्डं काउंटरवर मांडली आणि इथले लोक तुम्हाला कुठवर जवळ करतात, असं विचारलं. "चौथं पक्कं. सोनार मंडळी हातात सोनं देत्यात, काट्याकडं बघत बी न्हाईत. तिसरं बी हाय. आजारी पडलो तवा शेजारच्या मल्याळी मास्तरनं तीन रात्री दवाखान्यात काढल्या." मग सहावं कार्ड उचलून मला विचारलं, "ह्ये काय?" मी सांगितलं, फक्त पाहुणे.

"मग ह्ये खालनं दुसरं कसं काय? आपल्यात पाव्हणं म्हंजी सोयरं. पैलं कार्ड आन सहावं कार्ड एकच झालं की!"

इतके महिने ही कार्डं मी हाताळत होते आणि माझ्याच माहेरच्या बोलीतला हा अर्थ मला आठवला नव्हता. आमच्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही पाव्हणं म्हणतात आणि मुलगी दिलेल्या घरालाही. बोगार्डसच्या पट्टीवर पाहुणा म्हणजे जो जाणार हे गृहीत धरलेलं आहे. 'अतिथी तोळिलाळी' यातला अतिथी त्या दोघांपैकी कोणता, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत केरळातल्याच पायिप्पाडला शेकडो परप्रांतीय कामगार रस्त्यावर आले होते, आम्हाला घरी जाऊ द्या म्हणत. तो प्रसंग मला त्या दुकानात बसून वेगळा दिसायला लागला.

मग मी काकांना उलटा प्रश्न विचारला. इथल्या भायींना, म्हणजे बंगाली-ओडिया मुलांना, तुम्ही कुठवर येऊ द्याल? ते जरा वेळ बोलले नाहीत. "वरची खोली रिकामी हाय. पर त्यास्नी न्हाई देणार. घरात सोनं असतंय, ताई." हे ते मान खाली घालून म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला नाही. जोखमीचा धंदा आहे, दिवसभर दुसऱ्याचं सोनं सांभाळायचं असतं.

काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "आन गावाकडं बंगल्याची फरशी बसवायला यूपीची पोरं आली हुती, त्यास्नी आत्तींनी कशात चा दिला त्ये सांगा की ताईस्नी."

"कशात म्हंजी?"

"लावा की फोन. इचारा."

काकांनी खरंच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे नव्वदीला टेकलेली आई. तिने आधी जेवलास का विचारलं. मग काकांनी ते विचारलं. तिकडून आवाज आला, अगदी सहज, काही लपवायचं आहे असा जराही भाव नाही. "त्यांचा कप येगळा ठिवलाय की. कोनाड्यात. दांडा मोडल्याला. का रं, काय झालं?"

"काय न्हाई आई." फोन ठेवल्यावर काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. भट्टी तशीच धगधगत होती. माझी सहकारी 'काय झालं' म्हणून माझ्याकडे बघत होती. तिला मराठी येत नाही, म्हणून मी हळू आवाजात सांगितलं. ती काही बोलली नाही.

मी वही मिटायला लागले तेव्हा काका म्हणाले, "मिटू नगा. ल्ह्या ह्ये. माझ्या घरचं हाय म्हणून सोडू नगा." त्यांच्यासमोर मी लिहिलं. कोनाडा, दांडा मोडलेला कप, सगळं. आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून पाठकोऱ्या बाजूवर.

आलुव्याच्या बसमध्ये खिडकीशेजारची जागा मिळाली. अंधार पडत होता. बराच वेळ झाल्यावर सहकारीने माझ्या मांडीवरचा गठ्ठा तिच्याकडे ओढला आणि सकाळचा पहिला फॉर्म शोधून काढला. तिने पेन माझ्या हातात दिलं.

"पेला," ती म्हणाली. "भिंतीवरचा. मी पाहिला होता."

मीही पाहिला होता. फॉर्म उलटा केला आणि बस हलत असताना लिहायला लागले.