रंग थोडा, घासणंच फार

कोकणातल्या खाऱ्या हवेत पत्र्याला गंज धरायला निमित्त लागत नाही. आमच्या वॅगनआरच्या डाव्या फेंडरवर, चाकाच्या कमानीलगत, रंगाला फोड आले होते. गॅरेजवाले अख्ख्या पॅनलचे पैसे सांगतात, आणि ते रास्तच आहे. पण मला ते स्वतः करून बघायचं होतं. पावसाळा सरून हवा कोरडी होईपर्यंत थांबलो, कारण दमट हवेत मारलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पांढरट पडतो.

फोड खरवडला तर आत गंज त्याच्या दुप्पट पसरलेला. आधी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासलं. नशिबाने भोक नव्हतं, नाहीतर वेल्डिंगवाला गाठावा लागला असता. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. तिच्यात हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं रसायन, साधारण दोन टक्केच घालायचा आणि थोडी थोडीच कालवायची. उन्हात ती बघता बघता आवळते. वाळल्यावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायची, नुसत्या बोटांनी घासलं की खाचा पडतात. 180, 320, पुन्हा प्रायमर, मग पाणी मारत 600 चा वॉटर पेपर. शेजारचे काका रोज डोकावून विचारायचे, "अजून घासतोयस? रंग कधी मारणार?" डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, डोळे मिटून तळहात फिरवा, उंचवटा लगेच कळतो.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. माझा झेड२एस, म्हणजे सिल्की सिल्व्हर. पांढरी गाडी असती तर सोपं गेलं असतं. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. एखादा हात ओला बसला की ते वाहून एकवटतात आणि तिथे काळपट ढग दिसतो. म्हणून स्प्रेचा डबा भरपूर हलवून, वीसेक सेंटिमीटरवरून, फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. पहिला हात विरळच, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. आणि अशा धातूचे कण असलेल्या रंगाचा शेवटचा हात घासायचा नाही, थेट क्लिअर.

क्लिअरसाठी हार्डनरवाला डबा जास्त टिकाऊ असतो, पेट्रोल सांडलं तरी मऊ पडत नाही. पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं आणि साधा धुळीचा मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही. दम्याची माणसं घरात असताना मी तो आणलाच नाही. साधा क्लिअर मारला, नीट कडक झाल्यावर 2000 च्या पेपरने संत्र्याच्या सालीसारखा पोत उतरवला आणि कंपाउंडने, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने, घोटला.

सावलीत फेंडर आणि दरवाजा एकच वाटतात. भर दुपारी तिरकस बघितलं तर फेंडर किंचित उजळ दिसतो, कारण दरवाजाचा रंग उन्हाने उतरलाय. रंग दरवाजावर विरवत नेला असता तर फरक लपला असता, पण त्यासाठी चांगला दरवाजा घासायला मन होईना. बंपर मात्र तसाच ठेवलाय. प्लॅस्टिकला वेगळा प्रायमर लागतो, तो इथल्या दुकानात मिळाला नाही.