तिरका बाण

संगणकाच्या पडद्यावर फिरणारा बाण डावीकडे कललेला असतो. तो दिवसभर डोळ्यांसमोर असूनही त्याची एक कड सरळ उभी का आणि दुसरी तिरकी का, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. जन्मतः तो असा नव्हता. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत तो टोक वर करून सरळ उभा होता. पुढे तो झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पोहोचला, तेव्हा तिथल्या पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांतून एवढासा उभा बाण नीट उमटेना. एक कड उभी आणि दुसरी ४५ अंशांत कललेली ठेवली, की तो स्पष्ट दिसे. म्हणून त्याला कलता केले. आता पडद्यावर लाखो ठिपके आहेत आणि बाण हवा तसा रेखता येतो, पण अडचणीपोटी आलेले ते वाकडेपण अजून कोणी सरळ केलेले नाही. हे कळल्यापासून या बाणाकडे मी जरा आदराने पाहू लागलो आहे, आणि पडद्यावरच्या इतर रोजच्या गोष्टींचे वय काढण्याचा नादही मला तेव्हाच लागला.

वये काढू लागले की सगळे रस्ते ९ डिसेंबर १९६८ या तारखेशी येऊन थांबतात. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत एंगलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांसमोर दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. त्यांचा संगणक सभागृहात नव्हताच. तो ५० किलोमीटरच्या आसपास अंतरावर मेन्लो पार्कमध्ये होता आणि त्याची चित्रे सूक्ष्मलहरींवरून भल्या मोठ्या पडद्यावर येत होती. उजव्या हाताखाली माऊस होता. त्याचा पहिला नमुना बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याच्या पोटात काटकोनात दोन चाके बसवून तयार केला होता. या सामग्रीनिशी एंगलबार्ट यांनी काय दाखवले, तर किराण्याची यादी. ती त्यांनी लिहिली, तिच्यातल्या वस्तू वर-खाली हलवल्या, त्यांचे गट पाडले, गट मिटवले आणि उघडले, एका शब्दावर टिचकी मारून दुसऱ्याच मजकुरावर उडी घेतली. मग दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या एका कोपऱ्यात आला आणि दोघांनी मिळून एकाच मजकुरावर काम केले. त्या काळी संगणक वापरणे म्हणजे बहुतेकांसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा खिडकीत देऊन उत्तराची वाट पाहणे होते. या पार्श्वभूमीवर ती यादी पाहणाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना मला पुरती करता येत नाही. चेहरा दिसत असताना एकाच कागदावर दोघांनी लिहिण्याची सोय सामान्य माणसाच्या सवयीत रुळायला पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

पालो आल्टोच्या केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला आणि खिडक्या, चिन्हे, कागदावर उमटेल तसाच पडद्यावर दिसणारा मजकूर हे सगळे पुढच्या काही वर्षांत आकाराला आले. त्या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात ते लॅरी टेस्लर. आल्टोवरच्या ‘ब्राव्हो’ या लेखनप्रणालीत एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी आज्ञा देई. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे वापरणाऱ्याने लक्षात ठेवायचे. अवस्था बदलायला विसरून एखाद्याने सरळ ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर काय होई ते पाहण्यासारखे आहे. ‘ई’ म्हणजे सगळा मजकूर निवड, ‘डी’ म्हणजे तो पुसून टाक, ‘आय’ म्हणजे पुढचे अक्षर घाल. परिणामी सगळा लेख नाहीसा होऊन पडद्यावर एकटा ‘टी’ उरे. दिलेली प्रत्येक आज्ञा यंत्राने तंतोतंत पाळलेली असे, आणि माणसाचे काम मात्र वाहून गेलेले असे. टेस्लर यांचे म्हणणे एवढेच होते, की एका कृतीचा अर्थ एकच असावा. टिम मॉट यांच्यासोबत त्यांनी ‘जिप्सी’ ही लेखनप्रणाली घडवली आणि तिच्यात आधी मजकूर निवडायचा, मग तो कापायचा किंवा त्याची नक्कल करायची आणि हवा तिथे चिकटवायचा, ही रीत बसवली. अवस्थांवरचा त्यांचा राग इतका होता, की ‘नो मोड्स’, म्हणजे ‘अवस्था नकोत’, ही अक्षरे त्यांच्या गाडीच्या नंबरपाटीवर होती. २०२० साली ते गेले. त्यांचे नाव ठाऊक नसलेली कोट्यवधी माणसे त्या दिवशीही कापत आणि चिकटवत होती.

पुढची व्यापारी हकिकत अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून ती थोडक्यात. झेरॉक्सचा ‘स्टार’ हा संगणक १९८१ मध्ये १६,५९५ डॉलरना आला आणि फारसा खपला नाही. ॲपलची ‘लिसा’ १९८३ मध्ये ९,९९५ डॉलरना आली आणि तिचेही तेच झाले. ॲपलचाच १९८४ चा मॅकिंटॉश २,४९५ डॉलरचा होता आणि तो चालला. कल्पनांच्या इतिहासात किंमत हा केवढा मोठा घटक असतो, हे या तीन आकड्यांइतके दुसरे काही सांगत नाही.

इथून पुढच्या वाटचालीविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, की १९८४ नंतर नवे काही घडलेच नाही. तक्रारीला आकड्यांचा आधार आहे. १९७१ साली इंटेलच्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, होते. आजच्या चांगल्या फोनमधल्या चिपवर ते हजार कोटींहून अधिक असतात. म्हणजे वाढ चाळीस लाख पटींहून जास्त झाली, आणि त्या अवाढव्य शक्तीने आपण काय करतो, तर टेस्लर यांनी सांगितल्याप्रमाणे मजकूर कापून चिकटवतो. मला मात्र ही तुलनाच चुकीच्या दोन गोष्टींमधली वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवले, की हात एखाद्या लक्ष्यापर्यंत नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. १९७८ साली स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी माऊसची इतर साधनांशी तुलना केली, तेव्हा तो नुसता सर्वांत वेगवान ठरला असे नाही, तर त्याचा वेग माणसाच्या हाताच्या आणि डोळ्याच्या स्वतःच्याच मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचलेला आढळला. याचा अर्थ असा, की लाकडी ठोकळ्यापासून अवघ्या चौदा वर्षांत या साधनाची सुधारणा जवळपास पुरी झाली होती, कारण पुढे सुधारायचे ते यंत्र उरले नव्हते, हात उरला होता. ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट होऊ शकतात; मनगटाला तशी सवलत नाही. कळफलकावरच्या अक्षरांचा क्रम तर १८७० च्या दशकातल्या टंकयंत्राचा आहे, आणि तो बदलायचा म्हटले तर शरीराची मर्यादा आडवी येत नाही, फक्त बोटांची सवय येते. ती पुरेशी ठरली आहे.

मधल्या काळात आलेले सर्वांत मोठे नवेपण म्हणजे बोटाने चालणारा फोन, आणि तो २००७ मध्ये अवतरला असे आपण मानतो. पण बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचे वर्णन ब्रिटनमधील माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच प्रसिद्ध केले होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ या शिक्षणप्रणालीवर विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तरे देत होते. एकाच वेळी अनेक बोटे ओळखणाऱ्या पृष्ठभागांवर टोरंटो विद्यापीठात १९८० च्या दशकात काम चालू होते. कल्पना सुचणे आणि ती खिशात येणे यांत काही दशकांचे अंतर पडणे हीच या क्षेत्राची नेहमीची चाल दिसते. तेव्हा गती मंदावली असे म्हणण्यापेक्षा ती आधीही मंदच होती आणि आपल्याला फक्त शेवटचा टप्पा दिसतो, असे मानणे मला अधिक योग्य वाटते.

तरीही एक खंत आहे. एंगलबार्ट यांच्या उजव्या हाताखालचा माऊस जगाने उचलला, पण त्या दिवशी डाव्या हाताखालीही एक साधन होते. त्याला पाच कळा होत्या. पेटीवर सूर एकत्र धरावेत तशा त्या एकाच वेळी निरनिराळ्या जोडण्यांत दाबायच्या. अशा ३१ जोडण्या होतात, आणि रोमन लिपीच्या सगळ्या अक्षरांना त्या पुरतात. म्हणजे माऊसवरचा हात न उचलता दुसऱ्या हाताने लिहिता येई. ही जोडी जमली की कामाचा वेग वाढे, मात्र ती शिकावी लागे, आणि जे शिकावे लागते ते विकणे कठीण, असे उद्योगाने ठरवले. एंगलबार्ट यांना हे कधीच पटले नाही. शिकायला सोपी म्हणून मोठ्या माणसानेही तीनचाकीच चालवायची का, असा त्यांचा सवाल असे. मॅकिंटॉशने लाखो लोकांची भीती घालवली हे मी मानतो. पण पहिल्या दिवशी सोपे वाटावे एवढीच कसोटी लावल्यामुळे दहा वर्षे तेच काम करणारा माणूसही पहिल्याच दिवसाच्या वेगाने चालत राहतो, हेही तितकेच खरे आहे.

अलीकडे यंत्राशी साध्या भाषेत बोलण्याचे दिवस आले आहेत, आणि कोऱ्या चौकटीत वाक्य लिहून वाट पाहताना मला त्यात जुन्या आज्ञारेषेचीच, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या पद्धतीची, आठवण होते. मेनू उघडला की काय काय शक्य आहे ते वाचता येते. कोरी चौकट त्याविषयी काहीच सांगत नाही. बोलून चालवायच्या उपकरणांत तर टेस्लर यांचा जुना शत्रू परत आला आहे: यंत्र आत्ता ऐकत आहे की नाही, आणि मघाच्या वाक्याचा संदर्भ त्याने धरला आहे की सोडला, हे बोलणाऱ्यानेच ओळखायचे.

एका संशोधकाचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले आहे. एमआयटीचे विद्यार्थी आयव्हन सदरलँड यांनी माऊसही नव्हता तेव्हा, १९६३ साली, आपल्या पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ ही रेखाटनप्रणाली रचली. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर ते प्रकाशलेखणीने रेघा ओढत. पण त्यातली कमाल रेघांची नव्हती. वर्तुळात कशीतरी वेडीवाकडी सहा बाजूंची आकृती काढायची, सगळ्या बाजू समान ठेव असे सांगायचे, आणि ती डोळ्यांदेखत स्वतःला सावरून नियमित षट्कोन होई. दोन रेघा समांतर आहेत असे एकदा सांगितले, की एक हलवल्यावर दुसरीही तिच्याशी इमान राखे. मूळ आकृती बदलली, तर तिच्या सगळ्या प्रती बदलत. म्हणजे यंत्राला चित्र दिसत होतेच, शिवाय त्या चित्रातली नातीही कळत होती. अभियंत्यांच्या महागड्या रेखाटनप्रणालींमध्ये हे ज्ञान पुढे नांदले. सामान्य माणसाच्या वाट्याला आलेल्या सादरीकरणाच्या साधनांत मात्र ते क्वचितच दिसते. तिथे चार चौकटी सारख्या अंतरावर मांडल्यानंतर मध्येच पाचवी घालायची वेळ आली, की आधीच्या चौघींना आपण समान अंतरावर होतो याचे काडीचेही स्मरण नसते, आणि मी तिरक्या बाणाने त्यांना एकेक करून सरकवत बसतो.