टॅक्स आधी वॉलेटमध्ये भरा

जुलै म्हणजे रिटर्न भरायची धांदल. अमळनेरच्या माझ्या लहानशा ऑफिसात सकाळपासून माणसं ताटकळत बसलेली असतात. नाना त्यातलेच एक, कापूस पिकवणारे, वीस वर्षांपासूनचे पक्षकार. पण त्या दिवशी त्यांनी फाइल काढलीच नाही. मोबाइल पुढे सरकवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ टॅक्स भरी दे."

एका क्रिप्टो कॉईनच्या अ‍ॅपवर शिल्लक दिसत होती 11 लाख 40 हजार. खाली सूचना: विड्रॉल हवा असेल तर 30 टक्के टॅक्स आधी वॉलेटमध्ये भरा. नानांनी चार लाख लावले होते. आता त्यांच्याकडून आणखी तीन लाख बेचाळीस हजार मागत होते.

क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे, हे खरं. पण तो कर माणूस स्वतः आपल्या पॅनवर चलन भरून सरकारला देतो. कंपनीच्या वॉलेटात कर भरायची पद्धत माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिली नाही. मी नानांचं 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, उघडलं. आधी दोन हप्त्यांत त्यांना 80 हजार मिळाले होते, म्हणजे 1 टक्का टीडीएस, पैसे देतानाच कापला जाणारा कर, दिसायला हवा होता. तिथे बँकेच्या व्याजाखेरीज काही नव्हतं. पासबुक पाहिलं तर ते पैसेही कंपनीकडून आलेले नव्हते. दोन अनोळखी माणसांच्या बचत खात्यांतून आले होते. नानांच्या नंतर ज्यांनी आयडी लावली, म्हणजे पैसे भरून नाव नोंदवलं, त्यांचेच ते असणार, अशी मला तेव्हाच शंका आली.

माझ्या ऑफिसातल्या मुलाने त्या कॉईनच्या टोकनचा पत्ता टाकून ब्लॉकचेनची, म्हणजे सगळ्यांना पाहता येणाऱ्या व्यवहारांच्या वहीची, नोंद उघडली. एकाच वॉलेटात 94 टक्के टोकन आणि बाजारात खरेदी-विक्री जवळजवळ शून्य. म्हणजे अ‍ॅपवर रोज वाढणारा भाव कुणीतरी आत बसून टाइप करत होतं. वनकॉइन या जगभर गाजलेल्या क्रिप्टो घोटाळ्यात याहून वाईट होतं, तिथे खरी ब्लॉकचेनच नव्हती. तिची संस्थापक रुजा इग्नातोवा 2017 पासून बेपत्ता आहे. आपल्याकडच्या गेनबिटकॉइन या फसव्या योजनेने 18 महिने दरमहा 10 टक्के देऊ म्हणून सांगितलं होतं. नानांना यात ओढणाऱ्या लीडरचा प्लॅनही महिना 10 टक्क्यांचाच.

तो लीडर मंगल कार्यालयात सेमिनार घ्यायचा. तिथे विप्रोचं उदाहरण दिलं जायचं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. 1945 साली आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून ती कंपनी सुरू झाली. ज्यांनी शेअर जपले त्यांच्या घरांचं काय झालं हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. "तुमच्या बापाने तो शेअर घेतला नाही, तुम्ही हा कॉईन सोडू नका," असं तो म्हणायचा. अरे, त्या शेअरमागे कारखाना होता, कामगार होते, दरवर्षीचा ताळेबंद होता!

मी पक्षकारांना व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवल्या, कॉईनचं नाव घेऊन. नवव्या दिवशी वकिलाची नोटीस आली. बदनामीबद्दल दोन कोटी, सात दिवसांत लेखी माफी, नाहीतर फौजदारी. खोटं कशाला सांगू, हात थरथरले. माझं राहतं घरही एवढ्याचं नाही. बायकोने नोटीस दोनदा वाचली आणि देवघरात नेऊन ठेवली.

कोर्टातला मित्र म्हणाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येच लिहिलंय की लोकहितासाठी सांगितलेलं सत्य बदनामी ठरत नाही. तुझे कागद जपून ठेव. उत्तरात आम्ही तीनच प्रश्न विचारले. एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, नोंदणी आहे का? कापलेला टीडीएस कोणत्या टॅनवर, म्हणजे कर कापणाऱ्याच्या कोणत्या नंबरवर, भरला? हे टोकन कोणत्या बाजारात विकता येतं? त्या तीन प्रश्नांचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

पण नोटिशीपेक्षा जड गोष्ट नोटीस आली त्याच संध्याकाळी घडली. शटर ओढायच्या वेळी नाना आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "भाऊ, पुढे काही लिहू नको. मना जवाईना दोन लाख शेतस त्यामा. मनी अंडेरना संसार मोडी जाई."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ही अंडेर, नानांची लेक, माहेरी आली, जावई न्यायला आले, तेव्हा जेवणावरून उठल्या उठल्या नानांनी त्यांना प्लॅन दाखवला होता. मग व्याही, साडू, शेजारचा सालदार, सगळे त्यांच्या खाली. खानदेशात हे असंच पसरतं, पंगतीत आणि ओसरीवर. बुडालेला माणूस तक्रारीला का जात नाही, ते मला त्या दिवशी नीट कळलं. त्याला पोलिसांची भीती नसते. आपल्याच माणसांसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, हा त्याचा घोर असतो. मी नानांना एवढंच म्हणालो, "टॅक्सचे तीन लाख भरू नका. बाकी तुम्ही सांगाल तसं." कॉईनबद्दल मात्र मी बोलत राहिलो, त्यांचं नाव कुठेही न घेता.

पंधरा दिवसांनी अ‍ॅप उघडेनासं झालं. लीडरचा फोन बंद.

त्यानंतरच्या सोमवारी नाना पुन्हा आले. हातात शाळेची दोनशे पानी वही. कुणी कधी किती दिले, कुणाच्या यूपीआयवर गेले, सगळं लेकीच्या अक्षरात लिहिलेलं. 37 नावं. पहिलं नाव जावयाचं.

"तिले समदं सांगी टाकं," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "आते लिखी ले, भाऊ."

मी तक्रारीचा मसुदा करायला घेतला. वर लिहिलं: प्रति, आर्थिक गुन्हे शाखा, जळगाव.