तक्रार करणार कोण?

आमचं काम म्हणजे वस्तीतल्या लोकांसोबत बसून स्थानिक नियम वाचायचे, कुठल्या कलमामुळे कोणाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते शोधायचं आणि मग बदलाचा मसुदा करायचा. एकदा विषय होता भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी. बुरशीने दमा बळावतो, आणि लहान मुलांचे फार हाल होतात.

नियम तसा बरा होता. घर कोरडं ठेवायची जबाबदारी मालकाची, तक्रार आली की इन्स्पेक्टर जाणार, दंडही आहे. मीटिंगमध्ये प्रिंट वाटून आम्ही एकेक ओळ मोठ्याने वाचत होतो, "भाडेकरूने सहीनिशी लेखी तक्रार केल्यास" इथपर्यंत आलो आणि एक ताई म्हणाल्या, थांबा जरा, सही केली की मालक घर खाली करा म्हणणार, मग पोराचा दम्याचा पंप हातात घेऊन मी जाऊ कुठे? मग सगळेच बोलायला लागले, कोणी स्वतःच्या पैशाने बुरशीवर रंग मारतं, कोणी कपाट सरकवून डाग झाकतं, पण तक्रार एकानेही केलेली नाही. आणि तक्रारी घेणाऱ्या ऑफिसच्या रजिस्टरमध्ये त्या भागातून तक्रारीच नाहीत म्हणजे तिथे सगळं आलबेल! मला तर वाचलेलं सगळं कलमच वेगळं दिसायला लागलं.

त्या दुपारीच रिसर्चचा प्रश्न बदलला. दंड किती असावा हे बाजूला ठेवलं, तक्रारीशिवाय तपासणी करायचा अधिकार कायद्यात बसतो का हे शोधायला घेतलं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराने 2005 मध्ये घरातल्या शिसं असलेल्या विषारी रंगाबाबत असाच कायदा केला, भाड्याच्या घरांची तपासणी ठरलेल्या मुदतीने होणारच, कोणी तक्रार करो न करो. त्यामागेही रहिवासी, डॉक्टर, शाळेतली माणसं असा सगळ्यांचा रेटा होता.

हे सांगितल्यावर त्याच ताईंचा पुढचा प्रश्न, घर तपासणीत नापास झालं आणि सील केलं तर? याचं उत्तर आमच्या मसुद्यात नव्हतंच, म्हणून तिथेच बसून दोन कलमं लिहिली. दुरुस्ती चालू असताना राहायची सोय मालकाने करायची, आणि तपासणीनंतर ठराविक काळ घर खाली करायला लावायचं नाही. दुरुस्तीचा खर्च भाड्यात चढवायचा की नाही यावर मात्र अजून वाद चालू आहे, एकदोन खोल्यांच्या भाड्यावर जगणारे मालकही आहेत, त्यांना कर्ज की अनुदान हे ठरायचंय, पुढची मीटिंग त्यावरच आहे आणि त्या मालकांनाही बोलावलंय.