मेहुणा चालेल, चुलत भाऊ नाही: ग्रिझलीच्या पहिल्या शिकारीची तयारी

येत्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदाच ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलाच्या शिकारीला जाणार आहे, हे फोनवर सांगितल्यावर आई थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग तिने एवढेच विचारले, "खाणार आहात का ते?" माझे बालपण नवेगावबांधच्या परिसरात गेले. तिथे अस्वल म्हणजे मोहफुले वेचायला पहाटे रानात गेलेल्या माणसाच्या अंगावर येणारे जनावर, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची शिकार म्हणजे सरळ तुरुंग. अलास्कातील फेअरबँक्समध्ये स्थायिक झाल्यापासून आमचा फ्रीजर मूस आणि कॅरिबू या इथल्या हरणांच्या मांसाने भरतो, त्यामुळे रीतसर परवान्यावर केलेली शिकार आमच्या घरात नवी राहिलेली नाही. तरीही अस्वलाचे नाव काढल्यावर मी स्वतःही दोन वर्षे मागेपुढे केले, हे कबूल करतो.

अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ग्रिझलीला १९७५ पासून संरक्षण आहे, आणि शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाने २०१७ मध्ये ही शिकार बंद केली. अलास्कात ती चालू आहे, पण नियमांचे पुस्तक दर वर्षी नव्याने वाचावे लागते, कारण राज्याचे २६ शिकार विभाग आहेत आणि हंगाम, मर्यादा विभागागणिक बदलतात. काही विभागांत वर्षाला एक अस्वल मारता येते, तर काही ठिकाणी चार वर्षांतून एकच. सलग बारा महिने इथे वास्तव्य असलेल्या रहिवाशाला अस्वलाचा टॅग, म्हणजे एका अस्वलासाठीचा परवाना-बिल्ला, २५ डॉलरना मिळतो आणि अनेक विभागांत तेवढेही माफ असतात. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या अमेरिकन नागरिकाला मात्र टॅगचेच १००० डॉलर पडतात आणि सोबत परवानाधारक गाइड किंवा इथे राहणारा जवळचा नातेवाईक असावा लागतो. न्यू जर्सीतला माझा चुलत भाऊ या बेतात सामील व्हायला उत्सुक होता, म्हणून मी जवळच्या नात्याची व्याख्या तपासली. त्यात सख्खा भाऊ आहे, सासरे आहेत, मेहुणाही आहे, पण चुलत भाऊ नाही. एकाच वाड्यात, एकाच ताटात जेवून वाढलेल्या आम्हा दोघांना हे समजावून घ्यायला जरा वेळ लागला. गाइडसह अशा शिकारीचा खर्च पंधरा-वीस हजार डॉलर आणि त्याहूनही पुढे जात असल्यामुळे त्याने बेत सोडला.

जागा ठरली ती डेनाली हायवेच्या बाजूची. पॅक्सन ते कँटवेल असा सुमारे २१७ किलोमीटरचा हा रस्ता बहुतांशी खडीचा असून हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढत नाहीत, त्यामुळे तो साधारण मेच्या मध्यावर खुला होतो. त्या सुमारास नर माद्यांच्या शोधात दिवसभर हिंडत असतात, झुडपांना पाने फुटलेली नसल्याने दूरवरचे दिसते, आणि उजेडही जवळजवळ वीस तास असतो. जूनमध्ये अस्वले अंग घासू लागली की कातड्यावर टकले पडतात, म्हणून फार उशीर करूनही चालत नाही. रस्त्यावरून किंवा रस्ता ओलांडून जाईल अशी गोळी झाडणे बेकायदा असल्यामुळे गाडी सोडून चढावर तंबू टाकायचा, असे ठरले आहे.

माझ्या तयारीतला सर्वांत मोठा भाग मात्र बघायला शिकण्यात गेला. पिल्ले आणि पिल्लांसोबतची मादी मारणे गुन्हा आहे, आणि इथे दुसऱ्या वर्षातले अस्वलही पिल्लूच धरले जाते. ते चांगले धिप्पाड दिसते. या प्रदेशातली मादी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत सहसा वीत​ नाही, आणि नंतरही दोन वेतांत तीन-चार वर्षांचे अंतर पडते, त्यामुळे एक चूक फार महागात पडते. माझे शिकारीतले गुरू म्हणजे सत्तरी गाठलेले आमचे शेजारी. त्यांनी जुन्या छायाचित्रांचा एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि प्रत्येकावर "नर की मादी?" असे विचारत गेले. मोठ्या नराचे डोके इतके रुंद असते की कान लहान आणि एकमेकांपासून लांब दिसतात, पोट जमिनीकडे झुकलेले असते आणि तो पाय फेकत, डुलत चालतो. पहिल्या वीसमध्ये माझी सात उत्तरे चुकली. त्यांनी तेव्हाच नियम घालून दिला: अस्वल दिसल्यावर किमान अर्धा तास फक्त दुर्बीण, रायफलला हात लावायचा नाही, कारण पिल्ले झुडपात मागे रेंगाळतात.

रायफलबद्दल फार लिहीत नाही. गुरूंचीच जुनी '३३८ विन मॅग' ही ताकदवान रायफल मी वापरणार आहे. तिच्या धक्क्याने पहिल्या दिवशी खांदा काळानिळा झाला, आणि दीडशे मीटरच्या पलीकडे नेम धरायचा नाही हे मी स्वतःपुरते ठरवले आहे. गोळी डोक्यावर नाही, खांद्यामागे, आणि अस्वल पडेपर्यंत गोळ्या झाडणे थांबवायचे नाही.

खरे कष्ट त्यानंतरचे आहेत. कातडे आणि कवटी आणणे सक्तीचे असून लिंगाची खूण कातड्याला तशीच जोडलेली ठेवावी लागते, आणि आमच्या विभागात तीस दिवसांच्या आत दोन्ही 'फिश अँड गेम' या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या कार्यालयात नेऊन त्यांवर अधिकृत सील लावून घ्यावे लागते. तिथे वय कळण्यासाठी एक लहान दाढ काढतात, म्हणून कवटी गोठवून न्यायची नाही. मांस आणण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही, पण आम्ही ते आणणार आहोत. आईला मी तेच उत्तर दिले. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात आणि उत्तरेकडच्या जातींचे कृमी गोठवूनही मरत नाहीत, म्हणून ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजलेच पाहिजे. आमच्या घरी त्यासाठी जुना कुकर आणि वेगळी सुरी-पाट काढून ठेवले आहेत.

कातडे खारवून टिकवण्यासाठी पन्नास पौंडांची मिठाची गोणीही आणली. गॅरेजमध्ये ती तांदळाच्या पोत्याशेजारी उभी आहे, आणि घाईत कुणाची गफलत होऊ नये म्हणून पत्नीने तिच्यावर जाड मार्करने मराठीत लिहून ठेवले आहे, "हे जेवणातले नाही."