तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या वर्षांनी कसं आठवलं?

लहानपणी माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला, हे मी पहिल्यांदा बोललो ते चाळिशीत. तेव्हापासून एक प्रश्न ठरलेला. कुणी आपुलकीने विचारतं, कुणी संशयाने: इतकी वर्षं विसरला होतात, मग आताच कसं आठवलं?

विसरलो नव्हतो हो. घडलेलं सगळं डोक्यात होतं, पण त्याला काय म्हणायचं ते कळत नव्हतं. माणूस घरातलाच, माझे लाड करणारा, आणि ते लाड मला आवडायचेही. त्यामुळे यात आपलंच काहीतरी चुकलंय, एवढंच मनात घट्ट बसलं. पुढे मुलगी आठ वर्षांची झाली. एकदा ती बुटाची नाडी बांधत होती. जीभ बाहेर काढून सगळा जोर लावलेला, तरी गाठ बसेना. ती इवलीशी बोटं बघितली आणि पोटात खड्डा पडला. मी तेव्हा एवढाच होतो. 'ओरडला का नाहीस?' असं मी इतकी वर्षं ज्याला दरडावत होतो, तो एवढा होता!

काहींना मात्र खरंच आठवत नाही. लहानपणीच्या अत्याचाराची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना अमेरिकेतल्या संशोधक लिंडा विल्यम्स यांनी सुमारे १७ वर्षांनी बोलतं केलं. १९९४ साली निष्कर्ष छापून आले: ३८ टक्के जणींनी तो प्रसंग सांगितलाच नाही. आठवत नव्हता की सांगायचा नव्हता, यावर वाद आहे. दुसरीकडे, घडलेच नाहीत असे प्रसंगही माणसाच्या मनात रुजवता येतात, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी दाखवलं. म्हणून संमोहनाने आठवणी उकरून देतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला मी गेलो नाही.

तपशिलाचं विचाराल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं जहाज मी आजही शिडांसकट काढून दाखवीन. महिना, वर्ष? नाही सांगता येणार. भीतीने नजर जिथे खिळते तेवढंच पक्कं राहतं, बाकीचं निसटतं. तारीख सांगता येत नाही म्हणजे बनाव, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. उठून जातो.

शरीराची तर वेगळीच तऱ्हा. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची मागे झुकली की घाम फुटतो, हातांना मुंग्या येतात. दाढच भरायची आहे हे कळत असतं, पण वळत नाही. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर दचकतो. मी तिलाच टाळतो, असं बायकोला कितीतरी वर्षं वाटत होतं.

समुपदेशक बाईंनी सुरुवातीला तो विषय काढलाच नाही. आधी झोप, मग दचकणं. बाकीचं मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढंच. दातांच्या डॉक्टरांना आता खुर्चीत बसण्याआधीच सांगून ठेवतो: हात वर केला की थांबा. असं का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.