इथली वादळं आणि एक खुनशी क्रियापद

ब्रिटनमध्ये शरद ऋतू लागला की वादळांची रांग लागते. २०१५ पासून त्यांना नावंही मिळतात. पहिल्या वादळाचं नाव होतं ॲबिगेल. नाव कितीही सालस असो, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ती एकच काम करते, ‘रीक हॅवक’ (wreak havoc). म्हणजे थैमान घालते. गाड्या रद्द, झाडं आडवी, कुणाच्या बागेतली ट्रॅम्पोलिन शेजाऱ्याच्या कुंपणावर.

‘रीक’ या क्रियापदाचा अर्थ घडवून आणणं खरा, पण ते चांगलं काही घडवत नाही. सुख, नफा, समेट यांच्या वाटेला ते जातच नाही. नासधूस, सूड, कोप, एवढंच त्याचं गणगोत. आपल्याकडे थैमान घालतात, सूड उगवतात, उच्छाद मांडतात. इंग्रजीत ही सगळी कामं या एकट्याच्या गळ्यात.

जुन्या इंग्रजीत ते ‘व्रेकन’ होतं: हाकलणं, पिटाळणं आणि मग शिक्षा करणं, सूड घेणं. जर्मन आणि डच भाषांतल्या त्याच्या भावंडांनी सूडाचा अर्थ आजही सोडलेला नाही. त्याच घरातला शब्द ‘रेच’. मूळ अर्थ हद्दपार केलेला माणूस. गाव सुटलं, आसरा गेला म्हणून तो आधी अभागी ठरला, पुढे चक्क नीच. घरदार सोडून इथे आलेल्या आम्हा मंडळींना हे जरा लागतंच!

‘हॅवक’ म्हणजे नासधूस, हा शब्द आणखी रांगडा. ही फ्रेंचांकडून आलेली आरोळी. ती उठली की सैनिक लुटीला मोकळे. १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या लष्करी नियमांनी ती ठोकणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा ठेवली होती.

‘रीक’च्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा डब्ल्यू पूर्वी उच्चारला जायचा, आता तो मुका आहे. त्यामुळे कानाला हे क्रियापद आणि घाण वास मारणारं दुसरं ‘रीक’ (reek) एकच. जन्माने इंग्रज असलेलेही बेधडक त्या दुसऱ्याचं स्पेलिंग लिहितात.

भूतकाळाचा घोळ वेगळाच. नियमाने ‘रीक्ड’, पण पुष्कळजण ‘रॉट’ म्हणतात. ते खरं तर ‘वर्क’चं जुनं रूप, रॉट आयर्न म्हणजे ठोकून घडवलेलं लोखंड. व्याकरणाचे पहारेकरी यावर नाक मुरडतात. मला मात्र त्यांचा त्रागा पटत नाही. वादळाने नासधूस ‘घडवली’ म्हटलं, तर बिघडलं कुठे?